मोरगावचे मनोरे मोगलांना फसवायला?

मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला गेलात की कोणीतरी हमखास सांगते: देवळाला मशिदीसारखे चार मनोरे मुद्दाम बांधले, म्हणजे मोगलांची फौज लांबूनच फसून निघून जाईल. गोष्ट चटकदार आहे, पण टिकत नाही. फौजेला वाटाडे लागत ते याच मुलखातले. चतुर्थीला कऱ्हाकाठी यात्रा कुठे भरते हे त्यांना माहीत नव्हते थोडेच! शिवाय दारासमोर हा भला मोठा नंदी.

खरे कारण साधे आहे. सुलतानी अमलात दख्खनचे गवंडी घुमट, कमानी आणि मनोरे सगळ्यांसाठीच बांधत; धनी कोण आणि देव कोणता याने फारसा फरक पडत नसे. सिंदखेडराजातली लखुजी जाधवांची समाधी घुमटाची आहे, वेरूळची मालोजी भोसल्यांचीही. ती कोणाला फसवायला बांधली? मोरगावशी जोडलेल्या चिंचवडच्या देव घराण्याच्या एका आख्यायिकेत तर खुद्द औरंगजेब आठ गावे इनाम देतो. आख्यायिका ती आख्यायिकाच; पण ती सांगणाऱ्यांना बादशहाचे इनाम लपवावेसे वाटले नाही. याचा अर्थ देवळांना कधी उपद्रव झालाच नाही असा मुळीच नाही. उपद्रव होई आणि इनामेही मिळत, कधी कधी एकाच दरबाराकडून.

दुसरा समज असा की तेव्हा सरळ दोन फळ्या होत्या, एकीकडे मराठे आणि दुसरीकडे सुलतान. शिवरायांचे आजोबा मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले ते निजामशाहीचे सरदार म्हणून. मोरगावशेजारचा सुपे परगणा शहाजीराजांकडे होता, तोही जहागीर म्हणूनच. मालोजींनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अहमदनगरच्या शहा शरीफ पिराच्या नवसावरून. हा नवस कोणा विरोधकाने चिकटवलेला नाही. शिवरायांच्याच आश्रयाने लिहिलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’त तो आहे.

त्याच ग्रंथात भोसल्यांना सूर्यवंशी म्हटले आहे. त्यांचे मूळ चितोडच्या सिसोदियांत आहे, हे शाळेत शिकल्यासारखे आपण सांगतो. पण हा वाद मिटलेला नाही. भोसल्यांचे कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव. त्याचा माग काढत रा. चिं. ढेरे यांनी घराण्याचा संबंध कर्नाटकातल्या होयसळांशी जोडला. ते सगळ्यांना पटलेले नाही. माझ्या मते मात्र घराण्याचे मूळ शोधायला राजस्थानाआधी शिंगणापूरचा डोंगर चढावा, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे.