नागिणीचं बीळ

नागीण उठली की घरातली जुनी माणसं आधी कंबर बघत. विळखा पुरा होऊन तोंड शेपटीला टेकलं की माणूस गेलाच, अशी धास्ती. मग गेरूचा लेप, मंत्र. खरं तर विळखा सहसा पुरा होतच नाही. फोड येतात ते एकाच मज्जातंतूच्या हद्दीत, आणि ती हद्द पाठीच्या कण्यापासून निघून पोटाच्या मध्यावर संपते. धास्ती होती, पण चुकीच्या जागेची.

कांजिण्या बऱ्या होतात, त्यांचा विषाणू मात्र जात नाही. मेंदू आणि कण्यालगतच्या चेतागाठींमध्ये तो दबा धरून बसतो. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावचे साधे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्याच रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदी चाळून १९६५ मध्ये हे मांडलं. वय वाढलं, प्रतिकारशक्ती सैल पडली की तो जागा होतो आणि बहुधा त्वचेकडे निघतो; तीच नागीण. कधी मात्र आतल्या बाजूला वळतो. मग मेंदूच्या आवरणाला किंवा मेंदूलाच सूज येते, मेंदूच्या रक्तवाहिन्या सुजून पक्षाघातही होऊ शकतो. आणि अंगावर एकही फोड नसताना हे घडू शकतं!

म्हणूनच पूर्वी असे कितीतरी रुग्ण ‘मेंदूज्वर, कारण अज्ञात’ या रकान्यात गेले असणार. पीसीआर चाचणी आल्यावर पाठीतून काढलेल्या पाण्यात विषाणू सापडू लागला. डेन्मार्कमध्ये २०१५ ते २०१९ या काळात देशभर नोंदी ठेवल्या, तेव्हा या विषाणूमुळे मेंदूला सूज आलेले प्रौढ वर्षाला दहा लाखांत सुमारे पाच निघाले, बहुतेक सत्तरीच्या आसपासचे किंवा पुढचे. आकडा फार नाही. पण म्हातारी माणसं वाढताहेत, संधिवात, कर्करोग, अवयवरोपण यांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही वाढताहेत. त्यामुळे अशा रुग्णांच्या नोंदींत दिसणारी सगळी वाढ नुसती चाचणीची करामत म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

औषध आहे. अंगावरच्या नागिणीला ॲसायक्लोव्हिरसारख्या गोळ्या पहिल्या बहात्तर तासांत सुरू झाल्या तर उत्तम; मेंदूपर्यंत गेली तर तेच औषध शिरेतून द्यावं लागतं. लेप आणि मंत्रात नेमके हेच तास जातात.

लसही आहे, आणि तिची वेल्समधली गोष्ट न्यारी. तिथे २०१३ पासून ती देताना २ सप्टेंबर १९३३ ही जन्मतारखेची रेघ आखली. अलीकडे जन्मलेल्यांना लस, पलीकडच्यांना नाही. सात वर्षांनी पाहिलं, तर लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी. त्यांनी दंड पुढे केला होता तो नागिणीचे फोड टाळायला.