लाकडी फरशीची आयात : कागद खरे, पण लाकूड?

आपल्या भागातील जुन्या माळवदी घरांत लाकूड डोक्यावर असे. सागवानी खांब, तुळया आणि कड्या. पायाखाली मात्र शेणाने सारवलेली जमीन किंवा शहाबादी फरशी. आता हिंगोलीसारख्या गावीही नव्या बंगल्यांत लाकूड पायाखाली येऊ लागले आहे आणि त्यातील बरेचसे परदेशातून येते. साहजिकच हळद, कापूस व किराणा यांच्या व्यापारात पिढ्या घालविलेल्या घरांतील तरुणांना या आयातीचे आकर्षण वाटते.

असाच एक परिचित तरुण माझ्याकडे आला. त्याचा पहिलाच कंटेनर होता. माल ग्राहकाच्या घरी बसविला गेला आणि वैशाखाच्या उन्हात पट्ट्यांमध्ये फटी पडल्या. ग्राहकाने पैसे अडवून धरले; परदेशी विक्रेत्याला मात्र पूर्ण रक्कम केव्हाच पोहोचली होती. “काका, पतपत्र उघडले होते, बँकेने कागद तपासले होते, मग असे कसे झाले?” हा त्याचा प्रश्न.

पतपत्राचा, म्हणजेच लेटर ऑफ क्रेडिटचा, व्यवहार आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या ‘यूसीपी ६००’ या नियमांनुसार चालतो. १ जुलै २००७ पासून ते लागू आहेत. त्यांतील मूलतत्त्व असे की, बँका कागदपत्रांशी व्यवहार करतात, मालाशी नव्हे. बीजक, जहाजपावती व विमापत्र अटींनुसार असले की बँकेला पैसे द्यावेच लागतात. लाकूड ओले की वाळलेले, हे बँक पाहत नाही.

यावर उपाय पतपत्राच्या अटींतच आहे. त्रयस्थ तपासणी संस्थेचे, माल जहाजावर चढण्यापूर्वीचे प्रमाणपत्र आवश्यक कागद म्हणून नोंदवावे आणि त्यात लाकडाची जात, मोजमाप व आर्द्रता यांचा स्पष्ट उल्लेख मागावा. दमट प्रदेशातील लाकूड मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते. म्हणूनच भारतीय मानक २८७ मध्ये देशाचे हवामानानुसार विभाग पाडून लाकडातील आर्द्रतेच्या मर्यादा सांगितल्या आहेत. माल आल्यावरही तो काही दिवस येथील हवेत ठेवून मगच बसवावा.

दुसरी काळजी वर्गीकरणाची. खाचा पाडलेल्या सुट्या लाकडी पट्ट्या सीमाशुल्काच्या ४४०९ या शीर्षात येतात, जोडून तयार केलेले फरशीचे तक्ते ४४१८ मध्ये, तर लॅमिनेट म्हणून विकली जाणारी, लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेली फरशी ४४११ मध्ये. शीर्ष चुकले की शुल्क चुकते, माल बंदरात अडकतो आणि भाड्याचा आकडा दिवसागणिक वाढतो. तिसरी काळजी चलनाची. नव्वद दिवसांच्या मुदतीत रुपया घसरला, तर नफा तेथेच संपतो. त्यासाठी बँकेकडून वायदा करार करून दर आधीच निश्चित करता येतो.

चौथी गोष्ट उगमाची. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून लाकडी ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर आपले व्यापारी आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील लागवडीच्या सागवानाकडे अधिक वळले. लागवडीचे लाकूड आणि नैसर्गिक जंगल तोडून आणलेले लाकूड पट्टीच्या रूपात सारखेच दिसते. फरक केवळ उगमाच्या कागदांत असतो. श्रावकासाठी वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्माची गणना आहे. म्हणून काही कुटुंबे या धंद्यापासून दूरच राहतात, आणि तो निर्णय आदरणीय आहे. ज्यांना हा व्यापार करावयाचा आहे, त्यांनी निदान लाकूड कोणत्या भूमीतून आले हे विचारल्याशिवाय सौदा करू नये.

त्या तरुणाने फटी पडलेली फरशी स्वखर्चाने बदलून दिली. पदरमोड झाली, पण ग्राहक टिकला. पुढच्या पतपत्राचा मसुदा त्याने मला आधी दाखविला. आपले पूर्वज हळदीचे पोते उघडून, मूठभर माल हातात घेऊनच भाव बोलत. परदेशातील मालावर आपला हात पोहोचत नाही. तेथे आपण घातलेल्या अटीच आपला हात होतात.