नौकेवरील इन्व्हर्टर

संचायक घटमालेतील (बॅटरीतील) एकदिश म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विद्युत् प्रवाहाचे प्रत्यावर्ती (ठराविक काळाने दिशा बदलणाऱ्या) प्रवाहात रूपांतर करणाऱ्या साधनाला इन्व्हर्टर म्हणतात. शिडाच्या सफरी नौका, मासेमारी नौका व इतर लहान नौका यांवरील घटमाला बहुधा १२ किंवा २४ व्होल्ट दाबाची असते. उलट संगणक, कॅमेरा इ. उपकरणांचे घट पुन्हा विद्युत् भारित करणारे चार्जर भारतात २३० व्होल्ट दाबाच्या व ५० हर्ट्‌झ कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येच्या) प्रवाहावर चालतात. या दोहोंची सांगड इन्व्हर्टर घालतो.

घरातील व नौकेवरील इन्व्हर्टरचे तत्त्व एकच असले, तरी परिस्थिती भिन्न असते. घरी वीज परत आली की घटमाला आपोआप भरते. समुद्रात ती एंजिनावरील जनित्राने किंवा सौरपट्टाने भरावी लागते आणि दिशादर्शक दिवे, रेडिओ व पुष्कळदा एंजिनाचा आरंभकही तिच्यावरच अवलंबून असतात. त्यामुळे इन्व्हर्टरची निवड ही मूलतः घटमालेतील ऊर्जेच्या हिशेबाची बाब आहे.

कार्य : पूर्वी जहाजांवर हे काम एकदिश प्रवाहावरील चलित्राला (मोटरला) प्रत्यावर्ती जनित्र जोडून केले जाई. १९५७ साली थायरिस्टर व त्यानंतर शक्तिशाली ट्रँझिस्टर उपलब्ध झाल्यावर फिरते भाग नसलेले इन्व्हर्टर प्रचारात आले. हलक्या प्रकारात घटमालेचा प्रवाह अतिशय जलद खंडित करून लहान रोहित्राने (ट्रान्सफॉर्मरने) त्याचा दाब वाढवितात व मग त्याला ५० हर्ट्‌झचे रूप देतात. लोखंडी गाभ्याचे मोठे रोहित्र असलेला प्रकार जड असतो. परंतु चलित्र सुरू होतानाचा क्षणिक जादा भार तो अधिक चांगला सोसतो. केवळ इलेक्ट्रॉनीय उपकरणे भारित करण्यासाठी हलका प्रकार पुरेसा होतो.

गरज : इन्व्हर्टर मुळात हवा की नको, हे प्रथम ठरवावे लागते. चार्जर २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे सु. ५ ते २० व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. म्हणजे १२ व्होल्ट एकदिश प्रवाह आधी २३० व्होल्ट प्रत्यावर्ती करावयाचा व पुन्हा खाली आणून एकदिश करावयाचा, असा हा द्राविडी प्राणायाम असून प्रत्येक टप्प्यावर ऊर्जेचा व्यय होतो. मोबाइल फोनसाठी घटमालेला थेट जोडता येणारा यूएसबी चार्जर अधिक काटकसरीचा ठरतो. यूएसबीच्या शक्तिवितरण पद्धतीत २० व्होल्टला १०० वॉटपर्यंत शक्ती मिळते व २०२१ मध्ये ही मर्यादा २४० वॉटपर्यंत वाढविण्यात आल्याने अनेक संगणकही असेच भारित करता येतात. कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी नौकांवर असणारी व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस व मासे शोधणारे ध्वनियंत्र ही साधने एकदिश प्रवाहावरच चालणारी असतात. त्यांच्यासाठी इन्व्हर्टर लागत नाही. ज्या उपकरणाला एकदिश प्रवाहाचा चार्जर मिळत नाही, त्यापुरताच इन्व्हर्टर असणे श्रेयस्कर होय.

तरंगाकार : शुद्ध ज्यावक्रीय इन्व्हर्टरपासून मिळणारा तरंग घरगुती विजेसारखा नितळ असतो. ‘सुधारित ज्यावक्रीय’ या नावाने विकला जाणारा स्वस्त प्रकार वस्तुतः पायऱ्यापायऱ्यांचा चौकोनी तरंग देतो. संगणकाचे बहुतेक चार्जर प्रवाह आधी एकदिश करून घेत असल्याने त्यावर चालतात, मात्र काही अधिक तापतात. दाढीचे यंत्र, विजेचा दातब्रश इत्यादींच्या काही लहान चार्जरमध्ये रोहित्राऐवजी धारित्राने (कपॅसिटरने) प्रवाह मर्यादित केलेला असतो. धारित्रातील प्रवाह दाबबदलाच्या वेगावर अवलंबून असल्याने चौकोनी तरंगाच्या उभ्या कडेला तो एकदम वाढतो व चार्जर जळू शकतो. म्हणून उपकरणे नानाविध असल्यास शुद्ध ज्यावक्रीय प्रकार निवडणे हितावह असते.

क्षमता व घटमाला : एकाच वेळी चालणाऱ्या उपकरणांच्या वॉटची बेरीज करून तीवर थोडी सूट ठेवावी लागते. ६५ वॉटचा संगणक, २० वॉटचा कॅमेऱ्याचा चार्जर व १०० वॉटचा अन्य चार्जर मिळून १८५ वॉट होतात. त्यांना सतत ३०० वॉट देणारा इन्व्हर्टर पुरतो. वेष्टनावर ठळकपणे छापलेला आकडा पुष्कळदा क्षणिक शक्तीचा असतो. निवड सतत शक्तीवरून करावी लागते. गरजेपेक्षा फार मोठे साधन घेतल्याने फायदा होत नाही, कारण भार नसतानाही इन्व्हर्टर काही प्रवाह ओढतो. हा प्रवाह केवळ ०·५ अँपिअर धरला, तरी २४ तासांत १२ अँपिअर-तास खर्ची पडतात.

तोच ६५ वॉटचा संगणक ३ तास चालविल्यास १९५ वॉट-तास ऊर्जा लागते. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५% धरल्यास घटमालेतून सु. २३० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टला सु. १९ अँपिअर-तास जातात. शिशाच्या १०० अँपिअर-तासांच्या घटमालेतील निम्माच भार वापरणे तिच्या आयुष्याच्या दृष्टीने योग्य असते. म्हणजे हाताशी असलेल्या ५० पैकी १९ एका संगणकातच संपतात. लिथियम आयर्न फॉस्फेट घटमालेतील सु. ८०% भार वापरता येतो, परंतु तिची संरक्षक यंत्रणा मर्यादा येताच पुरवठा अचानक तोडते.

दाब सु. १०·५ व्होल्टपर्यंत उतरला की बहुतेक इन्व्हर्टर बंद पडतात. यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. विश्रांत अवस्थेत शिशाच्या पूर्ण भारित घटमालेचा दाब सु. १२·७ व्होल्ट व निम्मा भार उरला असता सु. १२·२ व्होल्ट असतो. १०·५ व्होल्टला घटमाला जवळजवळ रिकामी झालेली असते आणि तिच्यावर एंजिन सुरू होण्याची आशा नसते. म्हणून एंजिनाच्या आरंभकासाठी स्वतंत्र घटमाला राखून ठेवतात व इन्व्हर्टर तिला कधीही जोडत नाहीत.

जोडणी : दाब कमी असल्याने प्रवाह मोठा असतो. १,००० वॉट भार असता १२ व्होल्टच्या बाजूने सु. १०० अँपिअर प्रवाह वाहतो. घटमाला २ मी. अंतरावर असल्यास जाण्यायेण्याची तार ४ मी. होते. तांब्याच्या तारेचा छेद ६ चौ. मिमी. असल्यास तारेतच १ व्होल्टहून अधिक दाब खर्च होतो आणि ती धोकादायक रीत्या तापते, २५ चौ. मिमी. छेदाच्या तारेत ही घट ०·३ व्होल्टच्या आत राहते. यास्तव इन्व्हर्टर घटमालेच्या जवळ बसवितात, तारा आखूड व जाड ठेवतात आणि घटमालेच्या लगत योग्य मानाची वितळतार (फ्यूज) घालतात. खाऱ्या हवेत टिकण्यासाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार वापरतात.

सुरक्षितता : शिशाची घटमाला भारित होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो व हवेत त्याचे प्रमाण ४% झाल्यास स्फोट होऊ शकतो. त्यामुळे इन्व्हर्टर घटमालेच्या बंद कप्प्यात किंवा पेट्रोल एंजिनाच्या कक्षात ठेवत नाहीत. कोरडी, हवेशीर व तळातील पाण्यापासून उंच जागा त्यास योग्य होय. २३० व्होल्टचा धक्का ओल्या डेकवर प्राणघातक ठरू शकतो. म्हणून कायम बसविलेल्या इन्व्हर्टरच्या मंडलात ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा सुरक्षा स्विच घालतात. नौका धक्क्यावरील विजेला जोडताच इन्व्हर्टरमधील तटस्थ तार व भूसंपर्क यांची जोडणी आपोआप सुटणे आवश्यक असते.

सदोष इन्व्हर्टरमुळे रेडिओ ग्रहणातही व्यत्यय येतो. जलद खंडित होणाऱ्या प्रवाहामुळे उच्च कंप्रतेचा गोंगाट निर्माण होऊन तो व्हीएचएफ रेडिओच्या पट्ट्यापर्यंत पोहोचू शकतो. एलईडी दिव्यांमुळे असाच व्यत्यय येत असल्याची सूचना अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये दिली होती. आणीबाणीचा १६ वा मार्ग १५६·८ मेगॅहर्ट्‌झवर असतो. नवीन इन्व्हर्टर भारासह सुरू करून त्या मार्गावरील दूरचे क्षीण संदेश पूर्वीइतकेच स्पष्ट ऐकू येतात की नाही, हे धक्का सोडण्यापूर्वी तपासणे अगत्याचे असते. फोन भारित करण्याच्या सोयीपायी मदतीची हाक ऐकू न आल्यास ती सोय फार महाग पडते.