ताण कोठून येतो? कारण शोधा

रात्री पाणी भरून झाले, मुले झोपली, तरी घरातल्या बाईचा डोळा लागत नाही. नवऱ्याचा दोन महिन्यांचा पगार ठेकेदाराने अडवला आहे. मुलाची फी भरायची आहे. सावकार दारात येऊन चार लोकांदेखत बोलून गेला. सकाळी डोके ठणकते, छाती धडधडते, पोरांवर उगाच हात उगारला जातो. शेजारीण म्हणते, "बाहेरचे काहीतरी आहे, कोणाला तरी दाखवा."

भगिनींनो, बाहेरचे काही नसते. हा ताण आहे. संकट दिसले की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात मिसळतात, नाडी वाढते. संकट टळले की शरीर निवते. पण कर्जाचे संकट रोजच उंबऱ्यावर बसलेले असते. शरीराला विसावा मिळत नाही. मग झोप उडते, रक्तदाब वाढतो, चिडचिड होते.

तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, हेही सांगितले. सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. पहिला बाण अंगाला लागतो, दुसरा मनाला. पगार अडला हा पहिला बाण. "माझेच नशीब फुटके" हा दुसरा.

दुसरा बाण आनापानसतीने, नवरा-बायकोने एकमेकांशी मोकळे बोलल्याने निघतो. दारूने तो अधिक खोल रुततो. पाचवे शील त्यासाठीच आहे.

पण पहिल्या बाणाला नुसते ध्यान पुरत नाही. दुःखाचा अर्थ शोषण असाही लावता येतो, हे बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना दाखवून दिले. म्हणून अडलेल्या पगारासाठी युनियनला सोबत घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तशी तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

झोप, भूक उडाली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर लाजू नका. सरकारी रुग्णालयात मनोविकार तज्ज्ञांना दाखवा. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, तेथे मराठीतही बोलता येते.

आज रात्री नवरा-बायकोने मिळून एका कागदावर आपल्या ताणाची कारणे लिहावीत. कोणते कारण मनातले, कोणते घरातले आणि कोणते बाहेरच्या अन्यायाचे, हे वेगळे करावे. अन्यायाचे कारण विहारात सर्वांसमोर मांडावे. तो भार एकट्या घराने वाहायचा नसतो.

जयभीम!