कलेजीतली पाण्याची गाठ

राखणीचा बकरा कापला की माणसं मटणाच्या वाट्यांत गुंततात आणि टाकाऊ आतडी-फोपसांची पाटी वाडीबाहेर रिकामी होते. कुत्री तिथे आधीच बसलेली असतात. कलेजीत पांढरट, पाण्याने भरलेली गाठ दिसलीच, तर तीही कापून त्यांच्यापुढे भिरकावतात. गाठ काढली, विषय संपला! वैभववाडीसारख्या शेळ्या-म्हशींच्या तालुक्यात सर्वांत महागात पडू शकेल असा समज हाच आहे.

ही हायडॅटिड गाठ म्हणजे कुत्र्याच्या पट्टकृमीची बाल्यावस्था. कुत्र्याने ती कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात हजारो कृमी वाढू शकतात आणि सहा-सात आठवड्यांत विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती चाऱ्या-पाण्यातून शेळी, गाय, म्हशीच्या पोटात जातात आणि यकृतात, फुप्फुसात नवी गाठ धरते.

मटण खाल्ल्याने माणसाला गाठ होते, हेही खरं नाही. माणसाला बाधतात ती कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी: कुत्र्याला कुरवाळून न धुता भाकरीला लावलेला हात, परसातली न धुतलेली भाजी, उघडं पाणी. म्हणून शाकाहारी घरातही हा आजार होऊ शकतो. गाठ वर्षानुवर्षं मुकाट वाढते. कित्येकदा भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते.

‘आमच्या कुत्र्याला जंत नाहीत, दिसले असते की!’ हा कृमी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटरचा, आणि कुत्रा धडधाकटच दिसतो. पशुवैद्य प्राझिक्वांटेल देतात. त्याने कृमी मरतात, अंडी नाही. म्हणून औषधानंतर दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवावा, विष्ठा जाळावी किंवा खोल पुरावी. सॅनिटायझरचा या अंड्यांवर भरवसा नको. साबण-पाण्याने हात चोळून धुवावेत. ओलसर सावलीत ती महिनोन्महिने तग धरतात, आणि आपल्याकडे पावसाळा केवढा!

कुत्री मारणं हा उपाय नव्हे. डॅनिश संशोधक हाराल्ड क्राबे १८६३ मध्ये आइसलंडला गेले, तेव्हा तिथे हा रोग घरोघरी होता. कुत्र्यांना औषध आणि कच्चे अवयव त्यांच्या तोंडी न लागू देणं, यांवर भर देत त्या बेटाने तो हटवला. न्यूझीलंडनेही २००२ मध्ये तात्पुरती रोगमुक्ती जाहीर केली. बेटांना समुद्राचं कुंपण होतं. आपल्याकडे करूळ-भुईबावडा घाटांतून जनावरं, कुत्री येतात-जातात. म्हणून आपली भिस्त टाकाऊ अवयव पुरायच्या खोल खड्ड्यावर. जांभ्यात खणणं कष्टाचं, हे खरं. उथळ खड्डा मात्र कुत्री रात्रीत उकरतात. खणणं जमत नसेल तर गाठीचे अवयव अर्धा-पाऊण तास खळखळून उकळावेत, आणि बकरा कापण्याआधीच कुत्री बांधावीत.