मापं आपली, आकार आपला: कपडे निवडण्याआधी काय मोजावं?

मागच्या व्याख्यानात आपण कापडाबद्दल बोललो. सुती, रेशमी, जॉर्जेट, कुठलं कापड अंगावर कसं पडतं ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणींनी आणि काही जणांनीही एकच प्रश्न विचारला: "हे सगळं ठीक, पण मला काय शोभेल ते मी कसं ठरवू?" आज त्याच प्रश्नाकडे वळू.

आम्ही शिवणाचे वर्ग घेतो, म्हणून सुरुवात वर्गातल्याच एका गोष्टीने करतो. आमच्याकडे एक बाई येत, शाळेत शिक्षिका. फळ्यावर लिहायला हात वर केला की त्यांचा ब्लाऊज वर सरकायचा आणि दंडाला काचायचा. त्या दर वेळी शिंप्याला सांगत, "बगलेत जरा मोकळं ठेवा." तो मुंढा आणखी खोल कापायचा, आणि पुढचा ब्लाऊज आणखीच ओढला जायचा. शेवटी बाईंनी ठरवून टाकलं की आपले दंडच जाड आहेत. मग भर उन्हाळ्यातही दोन्ही खांद्यांवरून पदर. शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करायच्या, तेही सोडलं.

आम्ही मापं घेतली तेव्हा कळलं, दंडांचा काही दोष नाही, मुंढा चुकतोय. मुंढा खोल गेला की बाही खालच्या बाजूला जोडली जाते. मग हात वर केला की बाहीबरोबर अख्खा ब्लाऊज वर येतो. उपाय नेमका उलटा आहे: मुंढा बगलेच्या जवळ ठेवायचा आणि बाहीचा घेर थोडा वाढवायचा. तसा ब्लाऊज शिवला, आणि बाई वर्गातच हात वर करून बघत राहिल्या.

ही गोष्ट सांगायचं कारण असं की कपडा नीट बसला नाही की आपण दोष कपड्याला देत नाही, अंगाला देतो. "बारीक झाले की घालीन" म्हणून ठेवलेले कपडे कुणाच्या कपाटात नाहीत? म्हणून आज आपण आधी अंग मोजायला शिकू, मग कपड्याकडे जाऊ.

एक खुलासा आधी करतो. शरीराचा प्रकार म्हटलं की काही जणांना वात-पित्त-कफ आठवतात, काहींना व्यायामशाळेतले एक्टोमॉर्फ, मेसोमॉर्फ, एंडोमॉर्फ. हे तीन शब्द विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास रूढ केले. अंगकाठीवरून स्वभाव ओळखता येतो असा त्याचा दावा होता, तो पुढे टिकला नाही. आपल्याला स्वभाव नको आणि प्रकृतीही नको. आपल्याला हवी आहेत फक्त चार मापं.

टेप घ्या, एक नाडी घ्या, आणि मदतीला कुणीतरी घ्या, कारण स्वतःची पाठ स्वतःला मोजता येत नाही. अंगावर पातळ कपडे असू द्या. श्वास नेहमीसारखा चालू ठेवा, पोट आत ओढू नका. टेपला फसवून उपयोग नाही, शेवटी कपडा आपल्यालाच घालायचाय.

पहिलं माप छातीचं. सर्वांत भरलेल्या भागावरून टेप फिरवा, आणि पाठीमागे तो खाली घसरला नाही ना, तेवढं बघा. दुसरं कंबरेचं, आणि इथे सगळ्यात जास्त चुका होतात. साडी किंवा जीन्स आपण जिथे बांधतो ती बहुतेक वेळा खरी कंबर नसतेच, ती त्याच्या खाली असते. सरळ उभे राहा आणि एका बाजूला वाका. जिथे घडी पडते तिथे कंबर. तिथे नाडी बांधून टाका. तिसरं माप सीटचं. पाय जुळवून उभे राहा आणि नाडीच्या खाली साधारण ७ ते ९ इंचांवर, जिथे घेर सर्वांत जास्त भरतो, तिथे मोजा. चौथं खांद्याचं: पाठीमागून, एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत.

आता वजाबाकी करायची. पुढचे आकडे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये मांडलेल्या पद्धतीवरून घेतले आहेत. त्यांनी नऊ आकार सांगितलेत. आपण घरी वापरण्यापुरतं ते सोपं करून घेऊ.

सीट छातीपेक्षा साडेतीन इंचांहून जास्त असेल, तर अंग खालून भरलेलं. छाती सीटपेक्षा तेवढीच जास्त असेल, तर वरून भरलेलं. दोन्ही जवळपास सारख्या, पण कंबर छातीपेक्षा ९ इंच किंवा सीटपेक्षा १० इंच कमी असेल, तर डमरूसारखा आकार. दोन्ही सारख्या आणि कंबरेतही फार फरक नाही, तर सरळ. आणि कंबर छातीच्या बरोबरीला आली किंवा पुढे गेली, तर मध्यभागी भरलेलं. नाव पाठ करायची गरज नाही. फरक कुठे आणि किती, एवढं लक्षात ठेवा.

डमरूसारखा आकार म्हणजेच चांगला, बाकी सगळी कमतरता, असं मनात येत असेल तर एक आकडा ऐका. याच पद्धतीने अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त स्त्रियांची मापं तपासली, तेव्हा डमरूचा आकार ८ टक्क्यांच्या आसपास निघाला. जवळजवळ निम्म्या स्त्रिया सरळ गटात होत्या. जाहिरातीत रोज दिसतो तो आकार प्रत्यक्षात असा थोड्यांचाच असतो.

मग दुकानातले एस, एम, एल कुठून आले? अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये जवळपास १५,००० स्त्रियांची, प्रत्येकीची ५९ मापं घेतली. १९४१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि १९५८ मध्ये त्यांच्या आधारे सरकारी प्रमाण ठरलं. पण त्या तक्त्यात सगळ्यांची अंगं बसेनात, कंपन्या आपापले आकडे वापरत राहिल्या, आणि १९८३ मध्ये ते प्रमाण मागे घेतलं गेलं. आपल्याकडे निफ्टने इंडियासाइझ नावाचा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, असा त्याचा आराखडा. थोडक्यात, कपड्यावरचं अक्षर त्या त्या कंपनीचा अंदाज असतो. एका दुकानात एम आणि दुसऱ्यात एक्सएल, यात तुमचं अंग बदललेलं नाही.

आता एक उदाहरण सोडवू. छाती ३६, कंबर ३१, सीट ४०. सीट आणि छातीतला फरक ४, म्हणजे खालून भरलेलं. हिने छातीच्या मापाने सरळ कुर्ता घेतला तर तो सीटवर अडकेल, बाजूचे कट ताणून उघडे राहतील, बसताना ओढेल. मग तिने काय करावं? एक, कट वरून सुरू होणारा कुर्ता घ्यावा. दोन, कंबरेपासून घेर वाढत जाणारा ए-लाइन किंवा कळ्यांचा घ्यावा. तीन, सरळच आवडत असेल तर सीटच्या मापाने घेऊन छातीत आणि कंबरेत टक्स घालून घ्यावेत.

तिसऱ्या उपायात एक नियम दडलाय. तयार कपडा घेताना सर्वांत भरलेल्या जागेचं माप धरा, कारण जादा कापड आत घेता येतं, नसलेलं कापड आणता येत नाही. फक्त खांदा मात्र दुकानातच बघून घ्या. बाजूची शिलाई कुणीही आत घेऊन देईल, पण खांदा दुरुस्त करायचा तर बाही उसवावी लागते. वरून भरलेल्यांनी तर खांदा आधी बघावा, गळा थोडा खोल किंवा व्हीचा घ्यावा आणि घेर खाली द्यावा. मध्यभागी भरलेल्यांनी पोटावर शिवण किंवा पट्टा येऊ देऊ नये, खांद्यावरून सरळ पडणारं मऊ कापड घ्यावं. सरळ असाल आणि कंबर दिसायला हवी असेल, तर प्रिन्सेस कट घ्या. नको असेल तर सरळ कुर्ता तुमच्यावरच सर्वांत छान पडतो.

इथे मागच्या रांगेतून प्रश्न आलाय: "आडव्या पट्ट्यांनी जाड दिसतं ना?" सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट आहे. पण १८६७ मध्येच हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद भासतो. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हेच मानवी आकृत्यांवर तपासलं, आणि आडव्या पट्ट्यांनी जाड दिसतं या समजाला आधार मिळाला नाही. तेव्हा पट्ट्यांची साडी आवडली असेल तर बिनधास्त घ्या.

पुरुष मंडळींनीही वही उघडी ठेवावी. तयार सूटमध्ये छाती आणि कंबर यांत बहुतेकदा ६ इंचांचा फरक धरलेला असतो, त्याला ड्रॉप म्हणतात. तुमचा फरक २ इंच असेल तर कोट बसेल आणि पँट लागणार नाही. कोट आणि पँट वेगवेगळ्या मापाची घ्या, एवढं साधं उत्तर आहे.

पुढच्या वेळेपर्यंत एक काम करा. चार मापं कागदावर लिहा, वर तारीख घाला, आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मग "बारीक झाले की" म्हणून ठेवलेला एक कपडा काढा आणि नेमका कुठे अडतोय ते बघा. आत शिलाईत माया शिल्लक असेल तर उसवून मोकळा करून घ्या. नसेल तर ज्याला बसतो त्याला देऊन टाका. मापं वयाप्रमाणे बदलतात, बाळंतपणानंतर बदलतात, आजारपणानंतर बदलतात. बदलली की नवा कागद लावायचा.

त्या शिक्षिका बाईंनी पुढच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन पुन्हा घेतलं. पदर एकाच खांद्यावर, पिन लावून. पुढच्या व्याख्यानात मुंढा आणि बाही कापायची कशी, ते कागदावर आखून बघू. टेप घेऊन या.