भाच्याला पहिला धडा कोणता द्यायचा?

आता बघा, अमेरिकेत वसंत ऋतूत एखादा मामा भाच्याला पहिल्यांदाच बास मासा पकडायला तळ्यावर नेतो. गळ टाकणं तासाभरात शिकवता येतं. पण याच दिवसांत लार्जमाउथ बासचा नर उथळ पाण्यात, तळाशी खळगा करून अंडी राखत असतो. आमिष जवळ आलं, की भूक नसली तरी ते हुसकावायला तो झडप घालतो. आपण त्याला बाहेर काढलं, की ब्लूगिल मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. आपण मोजतो एक मासा. जातं अख्खं घरटं. म्हणून पहिला धडा सोडण्याचा: हात ओले करा, फोटोसाठी थांबू नका, तिथंच सोडा. गळाची सफाई सरावाने येतेच हो. न दिसणाऱ्या घरट्याचा विचार मात्र कुणीतरी शिकवावा लागतो.